लाटी चाखणारी चतुराबाई

चतुराबाई मस्तगडातल्या आमच्या गल्लीत राहायला आली, तवा मी तिला रुसकी समजले. आता सांगताना मलाच हसू येतं. सकाळी पाहावं तर तोंड सुजलेलं, डोळ्याखाली फुगवटे. मी घरोघर सांगत सुटले, "मंठ्याकडची हाय, नवऱ्याशी भांडती अन् रात्रभर रडती." नवरा बद्रीनाथ बिचारा इतका गरीब, की भांडायचं म्हणलं तर दुसरीचा नवरा उसना आणावा लागल. पण इतका इचार मला सुचला तर ना!

उन्हाळा लागला. उडदाचे पापड आमच्याकडं एकटीनं न्हाई करत. सगळ्या बाया मिळून आज हिच्या घरी, उद्या तिच्या. पहिल्याच दिवशी चतुराबाईनं कच्च्या पिठाची लाटी तोंडात टाकली. "पापडखार बराबर, मीठ कमी." निघालं तसंच. तवापासून तिनं चाखल्याबिगर कुणी पोळपाट काढंना. रोज नवं घर, रोज लाट्या. मान मोठा, अन् पोटात गेलेलं मीठ त्याच्याहून मोठं.

त्यात तिला बीपी. गोळी घेऊनबी उतरंना. "बीपी डोक्याचा आजार हाय, डोकं शांत ठेव," असं मी सांगायची. म्हणजे दिवसभर तिचं डोकं खाऊन वर हे ज्ञान! एक दिवस पाय इतके सुजले, की चप्पल चढंना. बद्रीनाथ म्हणले, "मालनअक्का, तुम्ही चला संगं, मला डॉक्टरचं बोलणं कळत न्हाई." जसं काय मला कळतं!

डॉक्टरनं लघवी, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली अन् म्हणले, "बिघाड किडनीत आहे."

मी तोंड घातलंच. "साहेब, किडनी कमरंपाशी. तिचा बीपीशी काय संबंध?"

"मावशी, नळाला पाणी कमी आलं तर काय करता?"

"मोटर लावते."

"किडनीही तेच करते. आपल्याकडं रक्त कमी येतंय असं वाटलं, की अंगातला दाब वाढवून घेते. मीठ-पाणी बाहेर काढायचं कामही तिचंच. ते साचलं की तोंड-पाय सुजतात, दाब आणखी चढतो, अन् चढलेला दाब किडनीलाच खराब करतो. आत्ता सांभाळलं न्हाई, तर पुढं मशीनवर रक्त साफ करावं लागेल. गोळ्या चुकवायच्या न्हाईत, मीठ अगदी कमी. पापड-लोणचं बंद."

नळाला चोरून मोटर लावताना सापडल्यासारखी मी पिशवी चाचपू लागले. चतुराबाई बाहेर येऊन रडली. मशीनची भीती होतीच, पण म्हणली काय, "अक्का, आता मला पापडाला कोण बोलावल?"

मला दया आली अन् अक्कल गेली. एकादशीला सैंधव घालून तिच्यासाठी भगर नेली. "उपासाचं मीठ हाय. देवाला चालतं, तुझ्या किडनीला चालंना व्हय?"

तिनं ताट सरकवलं. "देवाला किडनी न्हाई, अक्का. मला हायेत, त्याबी अर्ध्या. सैंधवबी मीठच. मी डॉक्टरला इचारून आले."

वर्षभर ती अशीच आळणी राह्यली. सूज उतरली, बीपी खाली आलं, रिपोर्ट जिथल्या तिथं थांबला. उन्हाळ्यात पापड माझ्या घरी होते. चाखायचा मान मीच घेतला. "बराबर!"

थोड्या वेळानं उंबऱ्यापाशी लाटत बसलेली चतुराबाई म्हणली, "मीठ जास्त झालंय."

"न चाखता? तुला काय सपनात दिसलं का गं?"

"लाटी खाल्ल्यापासून तुमचा तिसरा तांब्या हाय."

"ऊन हाय म्हणून पिऊन राह्यले!"

"ऊन काय तुमच्या एकटीवर पडलंय?"

शेजारच्या कमरुन्निसानं लाटी तोंडात टाकली अन् थू थू करत मोरीकडं पळाली.

चतुराबाईनं परात आपल्याकडं ओढली. "जल्दी आळणी पीठ आणा, ह्याच्यात मिसळू. अन् अक्का, उद्या माझ्यासंगं बीपी मोजायला चला. बराबर, बराबर म्हणत कितीक चाखलं असल तुम्ही!"

मला झणझणीत उत्तर सुचलं होतं, पण तोंडात चौथ्या तांब्याचं पाणी होतं.