न आठवणारी दोन वळणं

सत्काराच्या फ्लेक्सवरचा मुरारीचा फोटो त्याच्या लायसन्सवरून उचलला होता. त्यामुळे सुरक्षा सप्ताहाच्या पाहुण्यांशेजारी तो पोलिसांना हव्या असलेल्या माणसासारखा दिसत होता. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘सत्तावीस वर्षं, एकही अपघात नाही’. चाकणच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या, शाल-नारळ तबकात तयार होते, आणि सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत बसून पळ काढायला दार कुठं आहे ते बघत होता.

मुरारी जवळच्या सावरदरीचा. वय पंचावन्न, अंगानं आडवा, तोंडानं तिखट. चाकणला कारखान्यांचे सुटे भाग भरायचे, ताम्हिणी घाट उतरायचा आणि खाली कोकणातल्या एका कारखान्यात माल पोचवायचा, हे त्याचं काम. त्या कारखान्यात माल साठवून ठेवत नाहीत. गाडीतून उतरला की थेट कामाला लागतो, आणि गाडी अडकली की अख्खी लाइन थांबते. ‘लाइन थांबेल’ हे शब्द ट्रान्सपोर्ट सुपरवायझर जयदीप दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा, की ड्रायव्हर लोक पाठीमागं त्याला लाइनसाहेबच म्हणत.

मुरारीच्या मनाला जे खात होतं ते तीन आठवड्यांपूर्वी घडलं होतं. त्या मंगळवारी सकाळी बुद्धरत्न नाशिकची फेरी करून नुकताच आला होता. हा मूळचा हिंगोलीकडचा, पस्तिशीतला, आपण बरं आणि आपलं काम बरं असा ड्रायव्हर. त्यानं अजून तोंडही धुतलं नव्हतं, तोच जयदीपनं कोकणच्या फेरीचे कागद आणि भरलेल्या गाडीची चावी त्याच्या हातात ठेवली. बुद्धरत्ननं दोन्ही परत केलं.

“साहेब, कालपासून डोळ्याला डोळा नाही. मी घाट नाही उतरणार.”

“अरे, लाइन थांबेल!”

“थांबू द्या. मला आधी झोप पाहिजे.”

इतकं सरळ बोलायची आपल्याकडं रीत नाही. माणूस पोटात दुखतं म्हणतो, सासरा वारला म्हणतो, पण झोप आली असं कुणी तोंड वर करून सांगत नाही. मुरारी तिथंच चहा पीत उभा होता. तो स्वतः पहाटे नगरहून आला होता आणि केबिनमध्ये जेमतेम दोन तास आडवा झाला होता. पण चार माणसं बघत असली की त्याच्या जिभेला चेव यायचा.

“आन ती चावी हिकडं,” तो म्हणाला. “आन ह्याला गादी-उशी द्या, वर अंगाई म्हना. आमी दोन दोन दिस गाडी मारली, कुनाला कळलं बी न्हाई.”

सगळे हसले. बुद्धरत्नसुद्धा कसनुसं हसला. त्याच्या नावापुढं ‘फेरी नाकारली’ असा शेरा पडला आणि दुपारी त्याची गाडी काढून घेतली. त्या दिवसापासून तो रोज वेळेवर यायचा आणि गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहायचा.

इकडं मुरारी गाडी घेऊन निघाला. मुळशी मागं पडली, घाट सुरू झाला. ताम्हिणीच्या प्रत्येक वळणाला त्यानं नाव ठेवलं होतं. दरडीचं, फणसाचं, तुटक्या कठड्याचं, टपरीचं. भरली गाडी तो तिसऱ्या गिअरात उतरवायचा, ब्रेकवर पाय टाकायचाच नाही असा त्याचा बाणा. दरडीच्या वळणावर त्यानं हॉर्न दिला. आणि मग एकदम समोर टपरी आली.

मधली दोन वळणं कुठं गेली?

त्यानं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरला. फणस आठवेना, तुटका कठडा आठवेना. कठड्यापाशी तर रस्ता इतका आवळलेला की समोरून एसटी आली तर दोघांनी श्वास रोखून जायचं. तिथून नऊ टन माल भरलेली गाडी घेऊन तो झोपेत उतरला होता. एसटीत शाळेची पोरं असतात, हे त्याच्या मनात आलं, आणि टपरीवाल्याकडनं पाणी मागून त्यानं तोंडावर मारलं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. माल वेळेवर पोचला, लाइन थांबली नाही. आणि महिन्याअखेर गाडीतल्या जीपीएसचा अहवाल आला, त्यात सगळ्यात चांगली फेरी कुठली निघावी? तीच! एकदाही जोरात ब्रेक नाही, वेग एकसारखा. झोपलेला माणूस ब्रेक मारेल कसा, हे त्या यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं. जयदीप खूश झाला. सत्काराची कल्पना त्याचीच, आणि ‘फेरी नाकारणाऱ्यांनी यातून शिकावं’ हे वाक्यही त्याचंच.

सत्काराच्या आदल्या रविवारी दुपारी मुरारीनं बायकोला, गवराबाईला, सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. तिचे हात थांबले.

“तुमी जित्तं आला, द्येव पावला,” ती म्हणाली. “पर त्या मान्साचं काय? त्यो खरं बोलला, त्यो बसलाय शेडात. तुमी खोटं वागला, तुमास्नी शाल.”

“आता सांगितलं तर माजी गाडी जाईल गवरे.”

“मग जाऊ द्या की. पोरीचं लगीन झालंय, तुमास्नी का हिमालय चढायचाय?” एवढं बोलून ती पुन्हा शेंगांकडं वळली, पण तिचे डोळे भरले होते ते त्यानं पाहिलं.

तर कॅन्टीनमध्ये नाव पुकारलं गेलं. शाल पडली, टाळ्या पडल्या. कंपनीच्या सुरक्षा अधिकारी आम्रपाली मॅडमनी माईक पुढं केला. “काका, घाट कसा उतरायचा, दोन शब्द सांगा.”

मुरारीनं हॉलभर नजर फिरवली. बुद्धरत्न शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता.

“ज्या फेरीला पहिला नंबर दिलाय,” मुरारी म्हणाला, “त्या फेरीत मी झोपलो व्हतो.”

हॉलमध्ये हशा पिकला. काका आपले गमत्ये.

“हसू नका राव. दोन वळनं मला आठवत न्हाईत. बुद्धरत्न न्हाई म्हनला, त्याची मी टिंगल केली, आन त्याच्या जागी मीच झोपंत गाडी घातली घाटात. शानपन त्याचं व्हतं. शाल त्याला द्या, आन गाडी बी द्या.”

जयदीपचा चेहरा पडला. खाली उतरल्यावर तो दात आवळून म्हणाला, “आजच सुचलं का हे?” पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. आम्रपाली मॅडम मात्र वहीत काहीतरी लिहीत राहिल्या, आणि त्या बाई फार बोलत नसल्या तरी लिहिलेलं करतात.

आठवड्याभरात मुरारीची गाडी गेली. वाईट वाटलं, खूप वाटलं. इतकी वर्षं जे सीट त्याच्या पाठीला ओळखत होतं त्यावर दुसरं कुणी बसणार म्हणून तो गाडीमागं जाऊन एकटाच रडला. मॅडमनी त्याला गेटवरच्या खोलीत बसवलं. सगळ्या चाव्या त्याच्याकडं, आणि झोप झालीय की नाही हे विचारल्याशिवाय चावी द्यायची नाही, असा लेखी नियम. बुद्धरत्नला गाडी परत मिळाली.

पंधरा दिवसांनी सकाळी बुद्धरत्न खिडकीशी आला. कोकणची फेरी होती.

“झोप झाली का?”

“झाली की काका.”

उत्तर जरा लवकरच आलं. मुरारीनं मान वर केली. हा आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता, सत्तावीस वर्षं त्यानं स्वतः वापरलेला.

“खरं सांग भावा.”

बुद्धरत्न खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. “पोरगं तापलंय काका, रात्रभर दवाखान्यात होतो. पण एकदा नाही म्हणून पाहिलं ना मी. सगळे हसले, तीन आठवडे शेडमध्ये बसलो. आता पुन्हा नाही म्हणायचा दम नाही माझ्यात.”

गाडी परत देता आली होती. पण या माणसाच्या तोंडातला ‘नाही’ हा शब्दच गेला होता, आणि तो घालवणारा पहिला हसणारा आपणच होतो. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, त्या घाटातसुद्धा नाही.

त्यानं चावी खिशात टाकली. “मग मी म्हनतो न्हाई. ये आत. त्या बाकावर पड.”

“लाइन थांबेल काका.”

“पड म्हनलं ना.”

बुद्धरत्न बाकावर आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरू लागला. टेबलावरचा फोन वाजला. जयदीपच होता. मुरारी फोन घेऊन बाहेर उन्हात गेला आणि दार ओढून घेतलं, कारण त्याला आता आवाज चढवायचा होता आणि आत माणूस झोपला होता.