पाटोद्याचा कॉम्प्युटर बंद झाल्यावर

समाज माणसांचा असतो, यंत्रांचा नव्हे, असं आमच्या चर्चामंडळाच्या नियमावलीत पहिल्याच ओळीत होतं. नियमावली फ्लॉपीवर होती.

गावोगाव कॉम्प्युटर क्लास निघत होते, ते दिवस. बीड, पाटोदा आणि गेवराई इथल्या तीन क्लासांत मंडळासाठी एकेक कॉम्प्युटर ठेवलेला असे. सभासदानं आपल्या गावच्या कॉम्प्युटरवर लिहायचं. आठवड्याचं नवं लेखन फ्लॉपीत भरून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं. त्याच्या तिकिटांच्या पेटीतून ते पुढच्या गावी जाई, तिथल्या कॉम्प्युटरवर उतरवलं जाई आणि तिथले लोक वाचून उत्तरं देत. बीडचा कॉम्प्युटर माझ्याकडे होता.

मग पाटोद्याच्या क्लासवाल्यानं क्लास मोडला, कॉम्प्युटर पुसून विकला आणि त्या जागेत रसवंती थाटली. तिथले सभासद पोरके झाले. ते आता कुठले, हे ठरवायला बीडला बैठक भरली. मलाही कुतूहल होतं, की मंडळ नेमकं राहतं कुठं? अध्यक्षांनी आधी गेलेल्या कॉम्प्युटरसाठी दुखवट्याचा ठराव मांडला. एक मिनिट उभं राहावं की दोन, यावर मतभेद झाले.

पाटोद्याचे एक निवृत्त गुरुजी मागं बसले होते. गुरांचे, मातीचे, विहिरीच्या कामातले बोलीतले शब्द त्यांनी तीन वर्षं गोळा करून एका बोटानं टाइप केले होते. मूळ वह्या रद्दीत गेल्या होत्या. कागदाला वाळवी लागते, कॉम्प्युटरला नाही, हे त्यांना मीच पटवलं होतं.

"दुखवटा मागून करा," गुरुजी म्हणाले. "माझे शब्द कुठं हायेत, तेवढं सांगा."

बीडला नाहीत, मी म्हणालो. जागा मोकळी राहावी म्हणून जुनं लेखन दर महिन्याला पुसायचं, असा नियम होता. तो कुणी केला, हे त्यांनी विचारलं. मीच केला होता.

"लई शिस्तीचे तुमी, सर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेवराईला गेलो. तिथला कॉम्प्युटर एक होमिओपॅथीचे डॉक्टर सांभाळत. बैठकांना ते फिरकत नसत, म्हणून आम्ही त्यांना दोनदा लेखी समज दिली होती. गुरुजींची यादी तिथं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत होती. गुरुजींनी ती अख्खी वाचली, एक चूक दुरुस्त केली आणि मग पाणी मागितलं.

पाटोदेकरांना गेवराईत सामावून घेतलं गेलं. अध्यक्षांनी डॉक्टरांच्या दूरदृष्टीबद्दल अभिनंदनाचा ठरावही केला. डॉक्टरांचं उत्तर पुढच्या फ्लॉपीतून आलं. मजकूर पुसायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.