गुरुजींना डांबल्याची खबर

ती घटना आठवली की आजही आधी हसू फुटतं आणि मग संताप येतो. माझी निवृत्ती जवळ आली होती. देवरूखच्या वर डोंगरातलं एक गाव माझ्या हद्दीत होतं. तिथून एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "गुरुजींना डांबून ठेवलंय, लवकर या," एवढं बोलून फोन बंद. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी हवालदाराला घेऊन जीप काढली.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले एकटे शिक्षक, मूळचे सोलापूरकडचे. पहिली ते चौथी, सगळे वर्ग त्यांच्याच गळ्यात. नुकतीच त्यांची स्वतःच्या जिल्ह्यात बदली झाली होती. ते गेले की शाळेला कुलूप, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हेतू मिळाला, आता गुरुजी मिळायचे होते.

सरपंचबाईंच्या पडवीत चौकशी सुरू केली. "गुरुजी? ते गेले की वो सोमवारी," बाई म्हणाल्या. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बुधवारी." तिसरा तर म्हणाला, "आमच्याकडं मास्तर होता काय कधी?" खोटं बोलायची सवय नसलेली माणसं गरजेपेक्षा जास्त खोटं बोलतात, हा माझा अनुभव. हवालदाराने आवाज चढवला, तर बाईंनी त्याच्या हातात कोकम सरबत दिलं. मग काय, तो गप्प!

तेवढ्यात माझं लक्ष चुलीकडे गेलं. बाईंची सून भाकरी थापत होती आणि भाकरी सारखी तुटत होती. "कसली गो ही?" मी विचारलं. "ज्वारीची," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

आमच्याकडे तांदळाची भाकरी, नाहीतर नाचणीची. डोंगरात ज्वारी कोण खातंय?

"माझ्या पोटाला बरी पडते," सरपंचबाई म्हणाल्या.

"मग खा बघू माझ्यासमोर."

बाईंनी एक घास खाल्ला आणि असं काही तोंड केलं की वेगळा कबुलीजबाब घ्यायची गरजच उरली नाही.

मागच्या खोलीत गुरुजी पोरांच्या पाट्या तपासत बसले होते. दाराला कडीसुद्धा नव्हती.

"तुम्हाला डांबलंय ना?"

"डांबलंय की साहेब, कौलानं."

मोठं काम ग्रामदेवीला विचारूनच करायचं, हा तिथला रिवाज. गुरव मूर्तीला फुलं लावतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. निघताना गुरुजींनी मान म्हणून कौल घेतला आणि तेव्हापासून रोज डावंच पडत होतं. मी कपाळाला हात लावला. आता गुन्हा कुणावर दाखल करू, देवीवर?

"अहो, मग उठून चालू लागायचं!"

"कसं उठू? ह्या बायका डोळ्यांत पाणी आणून ज्वारी थापतात. तोंडावर नाही म्हणवत नाही. तिकडं माझी लेक मला मोबाईलमधला बाबा म्हणते. म्हणून तर फोन मीच केला, साहेब."

हवालदार खो खो हसला. मी डोळे वटारले, पण मलाही आवरेना. गुरुजींना जीपमध्ये बसवलं. कुणी अडवलं नाही. सरपंचबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या आणि विचारलं, "हा नेताव, तर दुसरा देताव काय?"

"ते शिक्षण खात्याचं काम, बाई."

"तिथं विचारून दमलाव आमी."

काही दिवसांनी सरपंचबाई ठाण्यात हजर. "हरवल्याची तक्रार द्यायची हाय. मास्तर हरवलाय."

"अहो, त्यांना मीच नाही का गाडीत बसवलं?"

"ते नाय वो. त्यांच्या जागी यायचे होते, ते."

हवालदार मजेत लिहायला बसला. नाव? "म्हायीत नाय." वर्णन? "डी.एड. झालेला, पात्रता परीक्षा पास." शेवटचा कुठे दिसला? "पंधरा ऑगस्टला, मंत्र्यांच्या भाषणात."

सगळं ठाणं हसलं. बाई हसल्या नाहीत. "पोरं रोज शाळेच्या पायरीवर येऊन बसतात वो," एवढंच म्हणाल्या.

चोर, फरारी, पळून गेलेली जोडपी, सगळ्यांना मी शोधून आणलं. पळवलेला माणूस परत आणता येतो. पण जो कधी पाठवलाच नाही, त्याला कुठल्या पोलिसाने शोधायचं? हे कोडं मला त्या प्रकरणाने घातलं आणि आजही ते सुटलेलं नाही.

हवालदार पेन थांबवून म्हणाला, "साहेब, खरंच नोंद घेऊ?"

मी म्हटलं, "घे."