माझं पायताण आणि गारगोटीचं मांजर

काय सांगू राव, मांजर ही जातच माझ्या डोक्यात जाते. त्यास्नी लाडानं 'माऊ माऊ' करणाऱ्यांचा तर मला जास्तच राग येतो. का, ते ऐका.

घरोघरी नुकतं केबल आलतं, तवाची गोष्ट. मंगळवार पेठेतनं आईला घेऊन गारगोटीला पोरगी बघाय गेलतो. पायात नवं कोरं पायताण. पोरगी पोहे घेऊन आली आणि मी जाग्यावर गार. लगीन करीन तर हिच्याशीच, असं मनात पक्कं झालं.

तेवढ्यात त्यांचं मांजर आलं. एवढी माणसं सोडून माझ्याच पायाला अंग घासाय लागलं, तळवा चाटाय लागलं. तुम्हीच सांगा, ज्याला आवडत न्हाय त्याच्याच अंगाला का येत्यात ही?

पोरीचे वडील मात्र खूश. "पावणं, आमचं मांजर परक्याजवळ जात न्हाय. माणूस मायाळू असला तरच जातंय."

मग काय, मी बी कुरवाळलं त्याला. अंगावर काटा आलता, पण सांगतो कुणाला.

निघताना बघतो तर उंबऱ्याबाहेर डावं पायताण गायब. मगाशी पोरीचा मामा पान आणाय बाहेर जाऊन आलता. माझं डोकंच सणकलं.

"मामा, तुमच्या पायात काय हाय बघू जरा."

"म्हंजे? मी चोरलं म्हणतोस व्हय?"

"मग काय आपलं आपण चालत गेलं?"

"अरं, चोरायचंच असतं तर दोन्ही न्हेलं असतं की!"

आई माझा सदरा ओढाय लागली, पण मी ऐकतोय व्हय. शेवटी पोरीनंच गोठ्याकडं बोट केलं. कडब्यावर मांजर ऐसपैस बसलेलं, म्होरं माझं पायताण. पायताणाचा अंगठा कुरतडून संपलेला.

वडिलांनी दुसरं पायताण उचलून नाकाला लावलं. "पावणं, ह्याला तेल कसलं पाजलंय?"

नवं पायताण चावू नये म्हणून आदल्या दिवशी तेल पाजलंतं. कढईत होतं तेच.

"बांगडं तळलेलं," आई हळूच म्हणाली.

पोरगी पदराआड हसली. हसली म्हंजे जमलं, असं मला वाटलं.

आठवड्यानं मध्यस्थ निरोप घेऊन आला. चहा बशीत ओतत म्हणाला, "पोरीला पसंत न्हाय. मामाचं तर नावच काढू नका. त्या घरात तुमच्या बाजूनं एकटं मांजरच हाय."