दोनइंची मावशीची गिटार

गल्लीतली मुलं तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे दोनइंची मावशी. शाळेचे गणवेश शिवणं हा तिचा धंदा, आणि अंगाच्या मापावर दोन इंच चढवल्याशिवाय तिची कात्री कापडाला लागत नसे. "वाढत्या अंगाची पोरं," ती आयांना सांगे. "आज ढगळ दिसेल, पण पुढच्या वर्षी माझी आठवण काढाल." आया खूश होत. मुलं मात्र वर्षभर बाह्या दुमडत आणि चड्ड्या सावरत शाळेत जात, आणि कपडा कुठे मापात येतोय तोवर शिवण तरी उसवे, नाहीतर शाळा तरी संपे.

कापडाचंच कशाला, तिचा सगळा संसारच दोन इंच जास्त होता. बस पकडायची तर तिच्या आधीची बस जायच्याही आधी ती स्टॉपवर हजर. कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायचं. नवरा पाणीपुरवठा खात्यात कारकून होता, जन्माचा शांत. तो म्हणे, "आमच्या घरी संकट आलं तर त्याला उभं राहावं लागत नाही. खुर्ची मांडलेलीच असते."

तिच्या धंद्याचं एकच तत्त्व होतं: जास्त ठेवलं तर काढता येतं, जास्त काढलं तर नुसतं रडता येतं.

एकुलती एक मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. चौघांचा एक बँड होता, त्यात ही इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. गिटार ड्रमवाल्याच्या मोठ्या भावाची, उसनी. आता त्याला परगावी नोकरी लागली होती आणि जाताना तो गिटार घेऊन जाणार होता. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण मुलीची बोटं आखूड. गिटारच्या जाड दांड्याला तिची मूठ पुरत नसे आणि त्यांच्या मुख्य गाण्यातला, चारही बोटांनी एकदम तारा दाबायचा एक कॉर्ड दर वेळी फसे. बँडच्या गायकाने फार गोड शब्दांत सांगितलं होतं की त्याचा एक मित्र सध्या मोकळाच आहे आणि त्याची बोटं लांब आहेत. कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता. तोवर तो कॉर्ड बसला तर ही, नाही तर मित्र.

दुकानातल्या सगळ्या गिटारी हाताळून झाल्या. कुठलीच मुठीत बसेना.

"मग घरी करू," आई म्हणाली. "मापाची."

"आई, गिटार म्हणजे ब्लाउज नव्हे."

"आधी एक ब्लाउज बाहीत न फसवता शिवून दाखव, मग बोल."

मुलगी हसली, पण लगेच गंभीर झाली. "एका अटीवर. माझ्या मापाची म्हणजे माझ्या आत्ताच्या मापाची. मी एकोणीस वर्षांची आहे. माझी बोटं आता वाढायची नाहीत."

"कळलं गं," आई म्हणाली.

तिने कपाटातून खाकी कागद काढला आणि गिटारचा खाका काढला, खडूने, एका दमात, कॉलर काढावी तसा. लाकूड घरातच निघालं. तिच्या कापायच्या टेबलाला एक दुमडती फळी होती, वर्षानुवर्षं वाळलेली, ठणठणीत. तीच सोडवली. नवऱ्याने भाड्याने करवत यंत्र आणलं. तो फळी धरून उभा राहिला आणि हिने कापलं, कारण रेषेवरून कापणं हा घरात एकटीचाच प्रांत होता. कडा कानशीने गोल केल्या. पोटाला टोचू नये म्हणून मागची बाजू कमरेत चिमटा घेतल्यासारखी खोलगट केली.

"दुकानातल्या गिटारलाही असं असतं," मुलगी म्हणाली.

"असेल. त्यांच्याकडेही एखादा शिंपी असेल."

रंगावरून दोन दिवस अबोला झाला. आईचं म्हणणं, मळखाऊ रंग घे. मुलीचं म्हणणं, गिटार घेऊन मी काय चिखलात लोळणार आहे का. शेवटी गर्द निळा ठरला. आईने मनात नोंद केली की निळ्यावरही डाग फारसे दिसत नाहीत.

चकाकीसाठी लॅकरचे हात ती गॅलरीत देई, नाकाला फडकं बांधून, आणि त्याआधी गॅसचं बटण तीनदा तपासून. पण ओल्या लॅकरवर धुळीचा एक कण बसला तरी तो गालावरच्या पुटकुळीसारखा उठून दिसतो, आणि शिवणकामाच्या घरात धाग्यांची नि कापसाची काय कमी? बिनधुळीची जागा एकच, बाथरूम. भिंतींवर पाणी मारून घ्यायचं आणि गिटार हँगरला टांगून दार लावून घ्यायचं.

"मी अंघोळ कुठे करू?" नवऱ्याने विचारलं.

"पाणीपुरवठा खात्यात आहात ना तुम्ही?"

तो टॉवेल खांद्यावर टाकून मुकाट शेजाऱ्यांकडे गेला. लॅकरचे जितके हात झाले तितक्या अंघोळी त्याने परक्या घरात केल्या, आणि शेजाऱ्यांचा साबण आपल्यापेक्षा चांगला आहे ही बातमी रोज आणली.

राहिला दांडा. तो एका वर्कशॉपमधून अर्धवट घडवलेला आणला होता. वरची पट्टी बसवलेली, वाक येऊ नये म्हणून आतून लोखंडी सळई घातलेली, मागची बाजू मात्र ओबडधोबड. ती आपल्या हाताला हवी तितकी उतरवायची. मुलीने स्वतःची मूठ मोजून पुठ्ठ्याचा साचा कापून दिला. "याच्यात दांडा बरोबर बसला पाहिजे, आई. बास."

आईने कानस घेतली. उतरवत गेली, साचा लावून बघत गेली. जसजसा साचा जवळ येत गेला तसतसा तिचा हात जड होत गेला. आत सळई आहे. उतरवलेलं लाकूड परत चिकटत नाही. आणि एकोणीस वर्षं म्हणजे काय फार झाली? साचा बसायला थोडंसंच बाकी असताना ती थांबली.

"साच्यात बसला?" मुलीने आतून विचारलं.

"बसला गं," ती म्हणाली, आणि त्यावर लॅकरचे चार हात देऊन मोकळी झाली.

गिटार तयार झाली तेव्हा घरातली तिघंही तिच्यासमोर उभी राहिली. निळाई अशी की त्यात खिडकी दिसत होती. नवऱ्याने त्यात बघून भांग पाडायचा प्रयत्न केला. पाडण्याजोगं फार काही नव्हतं, पण चकाकीचा मान राखला. वायरिंग त्याचं होतं. अँप्लिफायरला जोडल्यावर गिटारमधून गांधीलमाशीसारखा आवाज यायला लागला. अर्थिंगची एक तार जोडायची राहिली होती, ती त्याने जोडली. माशी गेली.

मुलीने गिटार गळ्यात घातली. दोन-तीन कॉर्ड सुरेख वाजले. मग तो कॉर्ड. अंगठा मागे, तीन बोटं जागेवर, करंगळी मात्र तारेच्या अलीकडेच. पुन्हा एकदा. पुन्हा अलीकडेच.

तिने गिटारकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान झालीय. सवय होईल मला."

ती चिडली असती तर आईने उत्तर दिलं असतं, उत्तरं तिच्याकडे ठाण भरून होती. पण हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. सहा वर्षांची असताना, घोट्यापर्यंत आलेला शाळेचा पिनाफोर घालून, ही पोर आरशासमोर हेच म्हणाली होती.

"तारा सोडव," आई म्हणाली.

"अगं, लॅकर..."

"लॅकर गेलं खड्ड्यात. साच्यात बसला नव्हता तो. मी थांबले होते."

मुलीने तारा भराभर सोडवल्या.

"आत सळई आहे," नवरा म्हणाला. "ती उघडी पडली तर दांडा गेला. आणि दुसरा आणून घडवायला आता वेळ नाही."

"ठाऊक आहे. तुम्ही बोलू नका, माझा हात हलतो."

तिने पॉलिश पेपरची पट्टी घेतली आणि इतक्या दिवसांची चकाकी दोन मिनिटांत पांढुरकी केली. मग खाली लाकूड लागलं. पेपर फिरवायची आणि म्हणायची, "धर." मुलगी उभ्या उभ्या दांडा मुठीत धरायची, करंगळी ताणायची. "अजून." पुन्हा पेपर. "धर." "अजून." गिऱ्हाइकांच्या पोरांना ट्रायलला बोलावणारी ही बाई, स्वतःच्या पोरीला मात्र तिने आजवर एकदाही ट्रायल दिली नव्हती. पोर काय, घरातच असते.

साचा बसला. सैल नाही, घट्ट नाही.

"बास?" आईने आशेने विचारलं.

मुलीने करंगळी टाकली. "किंचित अजून."

"साच्याच्याही आत?"

"साचा माझाच होता. थोडा चुकला असेल. धर म्हटलंस, म्हणून कळलं."

नवरा खुर्चीतून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आईने लाकडावर टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि श्वास धरून पेपर फिरवला. एकदा. दोनदा. लाकडाचा भुसा तिच्या मांडीवर पडत होता आणि दर वेळी तिला त्यात लोखंड चमकल्याचा भास होत होता.

"थांब," मुलगी म्हणाली.

आई थांबली. सळई दिसत नव्हती.

लॅकर परत लावलं नाही. मुलीनेच नको म्हटलं. उघड्या लाकडावर हात जास्त मोकळा सरकतो म्हणे. नुसता तेलाचा बोळा फिरवला, तारा चढवल्या, आणि तो कॉर्ड वाजला. मुलीने तो ओळीने इतक्यांदा वाजवला की शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली.

तालमीला निघताना ती दारातून परत फिरली. आईने शिवून दिलेला गिटारचा पट्टा तिने वर ओढून दाखवला.

"आई, हा फार आखूड झालाय. गळ्याशी येते गिटार. असं कोणी वाजवत नाही."

"अगं, अगदी मापाचा शिवलाय."

"तोच घोटाळा झालाय. चांगला वीतभर वाढव."

आई मशीनवर बसली. कपाटातून पट्टीचं कापड काढलं, कात्री घेतली, आणि मग थांबून विचारलं, "वीतभर म्हणजे नक्की किती? इकडे ये, उभी राहा."