बेटावरच्या बागेला पाणी

दर दिवाळीच्या सुट्टीत वसईहून उदयपूरची सहल नेणारे ते गृहस्थ स्वतः तिथल्या तळ्यातल्या, महाल आणि बाग असलेल्या बेटावर कधीच गेले नव्हते. सगळ्यांना होडीत बसवून ते घाटावर पिशव्या राखत बसायचे. मी शिकवायचो त्या शाळेमागे त्यांची केळीची वाडी होती. लोक महाल पाहून परतले की प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "त्या बागेला पानी कोन घालतो?" कोणालाच ठाऊक नसे.

माझ्या पत्नीला तो तळ्यातला महाल पाहायचा होता. ती वारली त्या वर्षी मुलीने मला सहलीला पाठवलं. "आईच्या वाटचं बघून या," म्हणाली. घाटापर्यंत गेलो, पण होडीत पाय ठेववेना. फार दमल्यासारखं झालं.

"बसा मास्तर," पिशव्या सरकवून जागा करत ते गृहस्थ म्हणाले. "एवढं सामान राखायला दोघं बरे." तासभर आम्ही शेंगा सोलत पाण्याकडे पाहत राहिलो.

वसईला परतलो तेव्हा मुलगी बसपाशी आली. "बाबा, कसं होतं बेट?"

मी वळकटी शोधायला बसकडे वळलो.

"फिरले ना चांगले," सहलवाले गृहस्थच म्हणाले. "दगडी हत्ती बगितले, बाग बगितली." मग माझी वळकटी हातात देत त्यांनी गंभीरपणे विचारलं, "पन मास्तर, बागेला पानी कोन घालतो ते विचारलंत काय?"

"राहिलं," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी विचारून येतो."