कौलाचा खेळ: पेडण्यातल्या एका बालवाडीत तीन आठवडे

९ मार्च

इतके महिने इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. दिवाळीनंतर दोघातिघांनी विचारलंही, "काय, फिरणं बंद?" बंद नव्हतं. उलट या हिवाळ्यात मी गोव्यात तीन आठवडे राहून आलो. पण त्या राहण्याबद्दल किती लिहावं आणि कुणाला विचारून लिहावं, हे ठरत नव्हतं. अजूनही पुरतं ठरलेलं नाही. म्हणून गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. बाकी घडलं तसं.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. वय सेहेचाळीस, रजा साठलेली. उत्तर गोव्यात लहान मुलांच्या बालवाड्या चालवणारी एक संस्था आहे, तिला मराठी येणारे स्वयंसेवक हवेत, असं एका ओळखीच्या बाईंकडून कळलं आणि मी लगेच हो म्हणून बसलो. बायको माझी बॅग भरताना म्हणाली, "तिथली पोरं रडायला लागली की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचं नाही हं." मी हसलो, पण ते वाक्य बॅगेबरोबर आलं.

संस्थेचं ऑफिस साखळीला. कोल्हापूरहून बेळगाव आणि तिथून चोर्ला घाटाने थेट साखळी, हा रस्ता मी सुचवीन. घाटात वळणं भरपूर, तेव्हा बेळगावात पोटभर खाऊन बसू नये. उतरल्यावर केरीच्या पुढे रस्त्याकडेला लाल माती दिसू लागते, मग माती वाहणारे मोठाले टिपर ट्रक, मग एकदम साखळीचा बाजार. बसस्टँडजवळ पाव आणि पातळभाजी खाल्ली, वर एक मिरची. शंभराच्या नोटेत नाश्ता आणि दुपारचं जेवण दोन्ही भागतं.

ऑफिसात दोन दिवस शिकवणी झाली. तिथल्या प्रमुख बाईंनी सांगितलेलं एवढंच लक्षात राहिलं: "मुलं खेळत असतील तर खेळ मोडू नका. त्यांना काय हवंय ते बघा, आणि जमलं तर सामान पुरवा." हे मला फार आवडलं. ग्रंथालयात मी दुसरं काय करतो?

तिसऱ्या दिवशी साखळीहून म्हापसा, म्हापशाहून शिवोली, मग पूल ओलांडून चोपडे आणि तिथून पुढे. खाजगी बस लहान असतात आणि कंडक्टर दाराला लटकून गावांची नावं इतक्या भरभर घेतो, की आपलं गाव निघून जातं. माझंही गेलं. पुढच्या थांब्यावर उतरून नदीकाठी जाळी वाळत घातलेली बघत बसलो आणि पुढच्या बसने परत आलो. वाईट वेळ गेला नाही.

राहायची सोय बालवाडीच्या ताईंच्या शेजारी, एका घराच्या पडवीलगतच्या खोलीत. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला यायचा, त्याच्याकडचा गरम गोल पाव, उंडो, आणि चहा. दुपारी भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, सोलकढी. खोली आणि जेवण मिळून पणजीतल्या साध्या लॉजच्या निम्मेही पैसे जात नाहीत.

बालवाडी देवळात भरते. म्हणजे देवळाला लागून पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या असतात, त्यांना इकडे अग्रशाळा म्हणतात, तिच्या शेवटच्या खोलीत. पंधरा-वीस मुलं. काही गावातल्या जुन्या घरांतली, काही सिंधुदुर्गातून कामाला आलेल्यांची. बाप टिपरवर, आई काजूच्या बागेत. ताईंचं नाव इथे सुमतीताई म्हणू. त्या मला "काका" म्हणायच्या, म्हणून मुलंही काका म्हणू लागली.

अंगणात सुरंगीचं झाड आहे. त्याखाली एक काळा, गुळगुळीत धोंडा. चौथ्या-पाचव्या दिवशी मी बघितलं, की मुलं त्या धोंड्यावर पिटकोळीच्या लाल फुलांच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवताहेत, एक उजवीकडे, एक डावीकडे. समोर दूर्वा हात जोडून उभी. दूर्वा चार वर्षांची, तिचे आईवडील दोडामार्गकडचे. ती गुरव झाली होती.

"गे माये, आज झोपाळ्यार पयली कोण? मी आसलंय तर उजवी दी, सान्वी आसली तर डावी दी."

या भागात महत्त्वाचं काही ठरवायचं असलं, लग्न, घर, जमीन, तर देवीच्या मूर्तीला पाकळ्या लावून कौल मागतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलं तेच खेळत होती. पाकळ्या पडेनात. दूर्वाने थोडी वाट बघितली आणि जाहीर केलं, "देवी जेवक गेली. मागीर इचारूया." आणि विचारणं नंतरवर टाकून सगळी पोरं खाऊला आत पळाली.

मी हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी कुंपणावरची पिटकोळी तोडून टोपलीत भरून दिली, पाण्याची वाटी दिली. आठवडाभर खेळ चालला. झोपाळा कुणाचा, गोष्ट कुठली, सगळ्याला कौल. भांडणं कमी झाली, हे मी स्वतः बघितलं. मी फोटो काढले, म्हापशाला जाऊन मोठे करून आणले आणि खोलीच्या दाराला बाहेरून लावले, देवळात येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतील असे.

सुमतीताईंना खेळ आवडला होता, पण फोटो बघून त्या थबकल्या. "काका, तात्यांनी पळयल्यार?"

तात्या म्हणजे देवस्थानच्या समितीतले वडीलधारे. गावच्या मराठी शाळेचे निवृत्त मास्तर. मी म्हटलं, "बघू देत की. मास्तर होते ना? त्यांना कौतुकच वाटेल."

तात्या संध्याकाळी आले. चष्मा वर करून एकेक फोटो बघितला. माझ्याशी ते स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलत.

"हे कोणी लावलं?"

"मी. तात्या, मुलं आजूबाजूला जे बघतात तेच खेळतात. दुकान, बस, लग्न..."

"मी जन्मभर मुलं शिकवली. मुलं काय खेळतात ते मला ठाऊक आहे. त्यांनी खेळ केला तो झाडाखाली. तुम्ही तो देवीच्या दारात टांगलात." मग सुमतीताईंकडे वळून हळू आवाजात, "सुमती, तुकाय कळूंक ना?"

ताई खाली मान घालून उभ्या राहिल्या. माझी चूक त्यांच्या पदरात पडली होती आणि मी तिथे असूनही ती उचलून घेता येत नव्हती. फोटो मी त्याच क्षणी काढले. माफीही मागितली. तात्या म्हणाले, "माझ्याकडे कशाला?"

रविवारी समिती बसली. काही म्हणाले, पोरंच ती, सोडून द्या. काही म्हणाले, लग्नसराई आली, खोली पाहुण्यांना लागेलच. शेवटी तात्यांनी सांगितलं, जागा देवीची, तेव्हा देवीलाच विचारू. येत्या शुक्रवारी कौल. बालवाडी ठेवायची की नाही.

गावात दुसरी खोली नव्हती. जवळची अंगणवाडी व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या वाडीवर, लहान पायांना न झेपणारी. मी साखळीला फोन केला, समितीला एक निवेदन देऊ का, विचारलं. प्रमुख बाई म्हणाल्या, "आता तुम्ही काहीही करू नका. तेही कामच आहे." मला आयुष्यात इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी दुकानापाशी दूर्वाची आई भेटली. डोक्यावर लाकडाची मोळी.

"तुम्हीच मा फोटो लावलेले?"

"हो. चुकलं माझं."

"ता देवी बघीत. पण केस बघितलात तिचे? वेणी नाय, काय नाय. आदी सांगूचा मा. फणी तरी फिरवलंय असती."

फोटो काढताना मी प्रकाश बघितला, कोन बघितला. आईला विचारायचं सुचलंच नाही. विचारलं, "खोली गेली तर दूर्वाचं काय?"

"गेल्या वर्षी काजीत न्हेत होतंय तशी न्हेतलंय. झाडाक बांधून."

"बांधून?"

"दोरी लांब होती हो. खेळूक गावायचा तिका. शेजारी व्हाळ, मगे सोडून कशी ठेवतलंय?" तिने मोळी सावरली आणि निघाली. आवाजात तक्रार नव्हती. मूल कसं बांधायचं ते ती मला सांगत होती, मला कधी बांधावं लागलं तर, तसं.

शुक्रवारी सकाळी देवळात माणसं जमली. बायका मुलांना घेऊन मंडपाच्या कडेला. सुमतीताई खांबाला टेकून, पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला. गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "...पोरांची बालवाडी हयच ऱ्हवूक जाय आसली तर उजवी दी, नाका आसली तर डावी दी." मी श्रद्धाळू माणूस नाही. तरीही त्या उजव्या पाकळीकडे मी जितकं एकटक बघितलं, तितकं आयुष्यात कशाकडे बघितलं नसेन. आणि बघताना लाजही वाटत होती. ज्या देवीचा मी शोभेसाठी उपयोग केला, तिच्याकडे आता मागत होतो.

पाकळ्या पडेनात. गुरवाने पुन्हा विचारलं. ऊन पायरीवरून खाली उतरलं. एक म्हातारे गृहस्थ बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागले. मधे एकदा डावी पाकळी किंचित सरकल्यासारखी वाटली आणि सुमतीताईंनी डोळे मिटले. ती तिथेच थांबली. मुलं कंटाळली, भुकेली झाली. आणि त्या शांततेत दूर्वाचा आवाज आला, खणखणीत:

"आये, देवी जेवक गेली आसतली. मागीर इचारूया."

आईने तिच्या तोंडावर हात दाबला. मला वाटलं, संपलं. आता उरलंसुरलंही गेलं. सगळे तात्यांकडे बघत होते आणि तात्या गुरवाकडे.

गुरवाने दाराबाहेर उन्हाकडे नजर टाकली आणि खाकरून म्हणाला, "तात्यानू, चेडू खोटां सांगना. नैवेद्याचो वेळ जालो."

मागे एक म्हातारी फिस्सकन हसली. मग दुसरी. तात्या हसले नाहीत. पण त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "मगे वाडा. देवीक उपाशी दवरून इचारतात?"

नैवेद्यासाठी पाकळ्या काढल्या. त्या दिवशी पुन्हा कौल लावायचा नसतो; लावायचा तर पुढच्या एखाद्या शुक्रवारी. समितीतल्या एकाने विचारलं, "मगे खोलीचा काय?"

"देवीन ना म्हणूंक ना," तात्या म्हणाले. "जायसर ती ना म्हणना, तायसर चलूं दी." म्हणजे देवी नाही म्हणेपर्यंत बालवाडी चालू राहणार.

बाहेर पडताना ते माझ्यापाशी थांबले. "ते फोटो फेकले नाहीत ना?"

"नाही."

"फेकू नका. मुलांचे आहेत ते."

पुढच्या आठवड्यात मी निघालो. दूर्वाने विचारलं, "आमचे फोटो खय?" मी म्हटलं, "बॅगेत." तिने असा चेहरा केला, की ते बॅगेत कशाला.

कोणी जाणार असाल तर माझे दोन शब्द: तीन आठवड्यांपेक्षा कमी जाऊ नका, आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत जाऊ नका, सिंधुदुर्गाकडची माणसं घरी गेलेली असतात, बालवाडी रिकामी असते. पहिल्या आठवड्यात फोन खिशातच ठेवा.

घरी येऊन मला महिनाही झालेला नाही. काल सुमतीताईंचा फोन आला होता. पहिल्या शुक्रवारी तात्यांना डोळे दाखवायला पणजीला जायचं होतं. दुसऱ्या शुक्रवारी गुरव पाहुण्यांकडे. आता शिगमो, म्हणजे इकडचा शिमगा, तोंडावर आहे. "तात्या काय शुक्रवार धरीनत," कौलाचा दिवस काही ठरत नाही, असं ताई म्हणाल्या आणि हसल्या. काजूचा हंगाम सुरू झाला आहे आणि दूर्वा रोज येते.

मला बरं वाटलं. नंतर ते बरं वाटणंच टोचू लागलं. तात्या विसरले आहेत की मनावर घेऊन विसरताहेत, हे त्यांनाच ठाऊक. पण दर शुक्रवारी खोलीचं कुलूप उघडताना सुमतीताईंच्या छातीत धडधडत असणार, आणि ती धडधड मी त्यांना देऊन आलो आहे. मला सांगायला गोष्ट मिळाली, राखायला खोली त्यांच्याकडे राहिली. चांगलं केलं की वाईट, याचा हिशेब मला लागत नाही. बायको सगळं ऐकून म्हणाली, "वर्तमानपत्र तरी नाही धरलंस."

फोटो टेबलावर आहेत. सगळ्यात वर दूर्वाचा. हात जोडलेले, डोळे धोंड्यावर, केस चारी दिशांना.

उद्याचं काम: सुमतीताईंना फोन लावून दूर्वाच्या आईशी बोलणे. हा फोटो पाठवू, की वेणी घातलेला दुसरा काढायचा, ते विचारणे.